जीपखालचा डबा

"आईंच्या साड्या कुणाला तरी देऊन टाका ना बाबा. बाळाच्या कपड्यांना कपाट हवंय," असं सून म्हणाली, तेव्हा दशरथने नुसती मान हलवली. पण बायको, रत्नप्रभा, गेली तरी तिच्या साड्या त्याच्या हातून सुटेनात. त्याच्या जुन्या जीपच्या पोटाखाली, चाकांच्या मधे, थोडी मोकळी जागा होती. तिथे त्याने खंडू वेल्डरकडून पत्र्याचा डबा बसवून घेतला. घरी सांगितलं, हत्यारं ठेवायला. आणि साऱ्या साड्या त्यात कोंबल्या.

डबा रस्त्याला टेकायला आलाय इतका खाली लोंबतोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या गेटातल्या उंचवट्यावर जीप नेमकी डब्यावर टेकली. पुढे जाईना, मागे येईना. डब्याचं खालून उघडणारं झाकणही सिमेंटला दाबून बसलं. मागे हॉर्न सुरू झाले.

"ओ काका, रणगाडा हलवा की!"

शेवटी खंडूला बोलावलं. तो कटर घेऊन गाडीखाली शिरला. "काका, डबा कापावाच लागेल. ठिणग्या उडतील. आत जळण्यासारखं काय नाय ना?"

सून बाळाला कडेवर घेऊन शेजारीच उभी होती. "हत्यारंच आहेत ना, बाबा?"

"हो, पाने-पकडी," दशरथ म्हणाला.

कटर सुरू झाला. पहिली ठिणगी उडाली, तसा दशरथ सगळ्यांसमोर रस्त्यावर आडवा पडला आणि खंडूचा पाय धरून ओढायला लागला.

"बंद कर रे! भाजेल तिला!"