कांद्याच्या जागी नाव

माझ्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्याने मला मोबाईल दिला. मला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यात नावांऐवजी चित्रं टाकली. देवळा गावात कांदा पिकवणारा माझा धाकटा भाऊ बहिरू म्हणजे कांदा. रोज दुपारी कांदा दिसला की मी फोन उचलायचे. “अक्का, जेवली का?” एवढंच विचारायचा. पंचवटीतल्या माझ्या एकटीच्या खोलीत दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. यंदा शेजारच्या रेहानाने अक्षरं शिकवली. मी कांदा पुसून तिथे ‘बहिरू’ लिहिलं आणि त्याच्या फोनची वाट पाहत बसले. दुपारी फोन वाजला. नाव वाचूनच उचलला. “बहिरू, तुझं नाव लिहिता आलं बघ मला.” पलीकडे त्याची सून होती. तिने विचारलं, “आत्या, जेवण झालं का?” हो म्हणाले. मग तिने सांगितलं. बहिरू आजच सकाळी, हनुमान जयंतीला, गेला.