पांडुरंगभैयांचा झाकलेला काढा

"त्यायनं उकळला नाही, झाकून ठेवला. म्हणून वास टिकला," मीराबाई म्हणाल्या आणि शेजारच्या पांडुरंगचा फ्लास्क रिकामा केला.

त्यांच्या नवऱ्यानं, हरिदासनं, आपल्या पातेल्याकडे पाहिलं. त्याची गुळवेल-तुळस पाऊण तास खळखळत होती.

नवरा-बायकोनं एकाच दिवशी तपासणी केली होती. रिपोर्ट मीराबाईंनी आणले. त्याची ॲसिडिटी, आपला कॅन्सर, असं त्यांनीच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. दोघांच्या गोळ्यांच्या डब्या मीराबाईच भरत. काढ्याला डॉक्टरनं हरकत घेतली नाही.

"रोज काहून पाठवून राहिला तो? चौबे कॉलोनीत दुसरं कोणी बिमार नाही का?"

"भैया म्हणते मी त्यायले."

"म्हणूनच तर. भैया म्हटलं की फाटक उघडंच राहते."

त्यानं दोन्ही काढे बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीकडे नेले. पंधरा दिवसांनी मोनालीचा फोन आला.

"मामाजी, डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर झाकलेल्याचा असर ज्यादा दिसला. पर इन्सान पे क्या होगा, कोई नहीं बता सकता. गोळ्या सोडू नका."

हरिदासला एवढंच ऐकू आलं, की पांडुरंग जिंकला.

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातच फ्लास्क गाठू लागला. स्वतःसाठी त्यानं जन्मात काढा घेतला नव्हता. पण पांडुरंगचा काढा बायकोच्या ओठांना लागण्यापेक्षा तो कडूपणा परवडला. उभ्या उभ्या तो सगळा पिऊन टाकायचा. मग आत येऊन पाणी उकळायचा, गॅस बंद करायचा, पाला टाकून वर ताट ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसायचा.

"अगदी भैयासारखा झाला," मीराबाई म्हणायच्या.

"त्याच्याहून चांगला म्हण."

पद्धत जमल्यावरही त्यानं फ्लास्क सोडला नाही. शत्रूनं आत काही नवीन टाकलं तर कळायला पाहिजे.

महिना झाला. एका दुपारी हरिदास घोरत होता. मीराबाई कुंपणापाशी गेल्या.

"दीदी, पिऊन राहिले ना?" पांडुरंगनं हळूच विचारलं.

"थेंब ठेवत नाहीत."

"मग आता सांगून टाका."

"नका हो. कॅन्सरचा रिपोर्ट माझा नाही, त्यायचा आहे हे कळलं तर गोळ्याही सोडतील. उद्यापासून दोन वेळा पाठवा, भैया. जळून राहिले, तोवर पिऊन राहिले."