ऐंशी टक्क्यांची कॉलनी

“पोरीचे टक्के?” रुपचंद अण्णांनी विचारलं.

“एकसष्ट,” इंदिराबाई म्हणाल्या.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. धुळ्याबाहेर, हायवेला लागून वसलेल्या प्रज्ञा कॉलनीचे ते अध्यक्ष. १९८९ साली कॉलनीने एकमताने ठराव केला होता: ज्याच्या पोराला ऐंशीच्या वर टक्के, त्यालाच घर. कॉलनीची शाळा नवी होती. तिला जिल्ह्यात पहिलं यायचं होतं, आणि शिकवून पहिलं यायला फार वेळ लागतो.

आतापर्यंत सतरा घरं भरली होती. पहिलं अण्णांचं, दुसरं त्यांचे साडू बन्सीलाल यांचं, तिसरं बन्सीलालच्या मेव्हण्याचं. हुशारी अशी नात्यानात्यात पसरत गेली होती.

बन्सीलालनी इंदिराबाईंच्या धुळकटलेल्या चपला पाहिल्या आणि अर्जावर व्यवसायापुढे स्वतःच ‘शेती’ लिहून टाकलं. इंदिराबाईंनी लिहू दिलं.

“अक्का, साक्री तालुक्यातून एवढ्या लांब कशाला?” ते म्हणाले. “तुमच्या पोरीमुळे आमचा निकाल खाली येईल.”

“आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. कुंदाला आठवीत घालायचंय. शाळा म्हणते, आधी कॉलनीत घर दाखवा. तुम्ही म्हणता, आधी हुशारी दाखवा. सगळं आधीच दाखवलं, तर शाळेत मास्तर काय करतात?”

“निकाल सांभाळतात,” अण्णा गंभीरपणे म्हणाले. “पण एकसष्टच का?”

“तिच्या बाई तिला मार्क देताना हात आखडतात.”

“असं सगळेच सांगतात.”

“मग परीक्षा घ्या.” इंदिराबाईंचा आवाज चढला. खिडकीशी शेजारीपाजारी जमले. “पेपर तुमचा, शाळा तुमची. तुमची सतरा पोरं आणि माझी एक. माझी शेवटून पहिली आली तर मी परत हा हायवे ओलांडणार नाही. नाही आली, तर घर द्यायचं.”

“आमच्या पोरांचा वेळ…”

“घाबरता का, भाऊ? पोरं हुशार आहेत ना?”

खिडकीत एवढी माणसं असताना घाबरणं शक्य नव्हतं. अण्णांनी रविवार ठरवला.

त्या आठवड्यात कॉलनीत कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. एकेक जण गुपचूप एसटीने साक्रीकडे जाऊन आला. शिंप्याकडे घाईची कामं गेली.

रविवारी दहाला इंदिराबाई कुंदाचा हात धरून शाळेत आल्या. दारात अण्णा, बन्सीलाल आणि बाकीचे पंधरा बाप इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. आत सतरा पोरं नव्या गणवेशात फळ्याकडे तोंड करून बसली होती. काहींच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

“पहिल्या बाकावरचा माझा मुलगा,” अण्णा म्हणाले. “त्र्याऐंशी टक्के. अजून वेळ आहे, बाई. पोरीला कशाला सगळ्यांसमोर रडवता?”

“रडली तर मी आहे,” म्हणत इंदिराबाई सरळ आत गेल्या आणि फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

सतराच्या सतरा पोरं ताडकन उठली. हात जोडून, एका सुरात म्हणाली, “एकसाथ नमस्ते, बाई!”

दारात बन्सीलाल अण्णांच्या मागे सरकले.

इंदिराबाईंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं.

“पुना, बाप कधी बदललास रे?”

“आजच, बाई. पेपर होईपर्यंत.”