टाकीचं अस्तर

नखाएवढा पांढरा तुकडा ग्लासातल्या पाण्यावर तरंगत होता. टेफ्लॉन पाण्यात बुडतं. दादाच्या कारखान्यातल्या गरम ॲसिडच्या टाकीला आतून टेफ्लॉनचंच अस्तर हवं, हे मीच ठरवलं होतं. त्याने तपासायला दिलेला नमुना बुडाला होता. हा तुकडा मी फुटलेल्या टाकीतून आज खरवडून आणला. “दादा, हे साधं प्लास्टिक आहे. मला वेगळाच नमुना का दिलास?” “हा दिला असता तर शास्त्रज्ञबाईंनी पास केला असता का?” तो हसला. “अगं, ऑपरेटरच वेंधळा. चौकशीत तेवढंच बोल.” दोन्ही पाय भाजलेला ऑपरेटर अजून दवाखान्यात होता. दादाच्या शब्दाखातर मी चौकशीवाल्यांना आज-उद्या करत टाळत आले होते. त्याने ग्लास बेसिनमध्ये ओतायला उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. “दादा, उद्या मी चौकशीला जाऊन सगळं खरं सांगणार आहे.”