पुलाचा उतार

इच्छापोरहून भेस्तानकडे निघालेल्या कामगारांच्या बसमध्ये नूतन आज खिडकीची नेहमीची जागा सोडून चालकाजवळ येऊन बसली, आणि तिने पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली. मागे तिची आई पुष्पाबाई, रिकामा डबा मांडीवर घेऊन, इतरांसारखीच झोपली होती.

गाड्यांच्या कंत्राटदाराकडे प्रवासाचे आणि डिझेलचे आकडे संगणकावर मांडणे हे नूतनचे काम. सरासरीहून कमी इंधन कोणती गाडी जाळते, हे तिनेच शोधून दिले. त्यावरून चालकांना बक्षिसे जाहीर झाली. पहिले नाव याच बसच्या चालकाचे, दगाकाकांचे. आज कचेरी सुटता सुटता, ही बचत नेमकी कोठे होते हे पाहताना, तिचे बोट एका जागी थांबले होते. तापीच्या पुलाचा उतार. तेथे चाकांचा वेग वाढत होता, आणि इंजिनाचे फेरे शून्य. बक्षीस जाहीर झाल्यापासून, रोज.

"काका, आज उतारवर गाडी बंद करू नका."

दगाकाका मिशीत हसले. "तुले कोनी सांगं?"

"आकडास्नी."

"मग आकडासले हाई बी सांग, इतला साल गाडी हाकी राहिनू, एक कोंबडी मरनी नही मना हातखाल. आनि तुनाच कागदवर मनं नाव वर लागनं ना?"

"ब्रेकनी हवा इंजिन भरस, काका. इंजिन बंद व्हयनं तं ब्रेक लागाव नही." तिने मागे वळून पाहिले. "मांगे माय झोपेल शे."

पुलाचा माथा आला. खाली, उताराच्या टोकाशी, थांबलेल्या वाहनांचे तांबडे दिवे दिसत होते. दगाकाकांचा हात सवयीने चावीकडे गेला. नूतनने पुढे वाकून त्यावर आपला हात ठेवला. तिचा तळवा बर्फासारखा गार होता.

काकांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचे हसू मावळले.

"बरं, माय," ते म्हणाले, आणि त्यांनी हात चावीवरून काढून गिअरच्या दांड्यावर ठेवला. इंजिन घरघरत राहिले. नूतनने डोळे मिटून श्वास सोडला.

तेवढ्यात कंत्राटदाराचीच दुसरी बस उजवीकडून त्यांना मागे टाकू लागली.

"आनंदा शे," दगाकाका हळूच म्हणाले. "कागदवर मना खाल त्यानंच नाव शे."

काचांना टेकलेली, झोपेतली माथी एकामागून एक नूतनच्या समोरून सरकत गेली. बस हातभर अंतरावरून गेली; तिच्या इंजिनाचा आवाज नव्हता, ऐकू आली ती केवळ टायरांची सळसळ.