रग्बीवाला साहेबांना भेटतो

“साहेब, माझं वाटोळं तुमीच केलं. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेनार न्हाई.”

प्रेमानंदनं दार लोटलं, चपला बाहेर काढल्या आणि बसायच्या आधीच हे बोलून टाकलं. टेबलामागच्या माणसानं मान वर केली. खिशाला पेन, नाकावर चष्मा. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर.

“बसा.”

“उभ्यानंच बोलतो. मागच्या खेपेला बसलो ते बसूनच ऱ्हायलो. मग शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणे, साहेब मीटिंगला गेलेत. तुमी खिडकीतून दिसून राहिले होते. भजी खाऊन राहिले होते.”

“आज कुणी काढणार नाही. बसा.”

प्रेमानंद बसला. खुर्ची त्याला पुरेना. चाळिशीच्या अलीकडचा गडी, बैलासारखी मान, एक कान चुरगळून गोळा झालेला. साखरा गावचा माणूस. शाळेत कबड्डी खेळायचा. पुण्याच्या एका क्लबवाल्यानं त्याची पकड पाहिली आणि हातात लांबुळका चेंडू दिला. गाव हसलं. कोंडीबाचं पोरगं टरबूज घेऊन पळतंय म्हणालं. मग त्याच पोराला मुंबईच्या संघानं पगारावर ठेवलं, तेव्हा हसणारे गप झाले.

रग्बीत तो पहिल्या फळीचा. दोन्हीकडचे गडी वाकून एकमेकांत खांदे अडकवतात आणि रेटतात, तिथला. डोक्याला मार बसायचाच. संघाचा डॉक्टर बोटं दाखवून विचारायचा, किती? प्रेमानंद अंदाजानं सांगायचा आणि पुन्हा मैदानात जायचा. पगार खेळणाऱ्याला असतो, बाकावर बसणाऱ्याला नाही. पुढं संघानं करार वाढवला नाही. कारण सांगितलं नाही. कारण सांगायची पद्धत आपल्याकडं कुठंच नाही.

“सत्कार केला माझा,” प्रेमानंद म्हणाला. “फेटा बांधला, शाल घातली. माइकवर बोलले, जिल्ह्याचा हिरा हाय, याला मैदान देऊ, पोरं शिकवाया लावू. बोलले का न्हाई?”

“बोलले.”

“मग? वाट पाहून मीच गावाबाहेर बांबूचे खांब रोवले. दोन उभे, मधी एक आडवा. आमचा गोल तसाच असतो. तुमच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी तुमची माणसं आली. त्यांना वाटलं, स्वागताची कमान अर्धी ऱ्हायली. वर तुमच्याच फोटोचा फ्लेक्स ठोकला! पोरं चेंडू घेऊन उभी, आन् गोलात तुमी हात जोडून!”

टेबलामागच्या माणसाला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

“हसा. मग दौरा झाल्यावर फ्लेक्ससकट खांब उपटून नेले. इचारलं तर म्हणे, सरकारी कमान हाय.”

खुर्चीला असं बोलणं ऐकायची सवय नसते. खुर्चीला ‘मेहेरबानी साहेब’ ऐकायची सवय असते. पण हा माणूस ऐकत होता. मधे बोलला नाही, फोनकडं पाहिलं नाही.

एक बाई चहा घेऊन आली. कप तिनं प्रेमानंदच्या डाव्या हाताशी ठेवला. उजवा खांदा त्याचा कधीचाच कामातून गेलाय.

“मैदान मिळालं तर पोरांना पहिलं काय शिकवाल?” माणसानं विचारलं.

“पडायचं. पहिलं पडायलाच शिकवतो.”

“डोकं बाजूला ठेवून.”

प्रेमानंदचा कप ओठाशीच थांबला. “तुमाला बराबर ठाऊक हाय की!”

“ऐकलं होतं कुठंतरी.”

“तुमी आमच्याकडचेच दिसता.”

“डोंगरकड्याचा.”

“तरीच.” प्रेमानंदनं एक घोट घेतला. कपाळाला आठी पडली. “साहेब, ते खांब रोवले होते ना मी, बांबूचे. दोन उभे, मधी एक आडवा. तुमच्या माणसांना वाटलं, कमान हाय...”

त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. फ्लेक्स, हात जोडलेला फोटो, सरकारी कमान. आधीपेक्षा जास्त चिडून. माणसानं सगळं पुन्हा ऐकलं. ह्या वेळी त्याला हसू आलं नाही. बाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

प्रेमानंदनं टेबलावर हात आपटला. चहा बशीत सांडला.

“पैसा मागत न्हाई मी. नोकरी मागत न्हाई. मैदान द्या आन् पोरं द्या. मला दुसरं काई येत न्हाई, साहेब. घरात बसून बसून डोकं फुटतंय माझं. व्हय म्हना, न्हाईतर न्हाई म्हना. पन उद्या या म्हनू नका!”

माणसानं बाईकडं पाहिलं. बाईनं मान हलवली. नाही, की हो, ते कळलं नाही.

“दिलं,” तो म्हणाला.

“काय दिलं?”

“मैदान. सोमवारपासून पोरं बोलवा.”

प्रेमानंद उठला. त्यानं डाव्या हातानं कपाळाशी सलाम केला आणि चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

कोंडीबानं चष्मा उतरवून बायकोच्या हातात दिला. खिशातलं पेन टेबलावर ठेवलं. मागच्या दारानं निघाला, गोठ्याला वळसा घालून पुढं आला आणि पोराच्या शेजारी ओट्यावर टेकला.

“कुठं गेला होता, बा?” प्रेमानंद रस्त्याकडं बघत म्हणाला. “सकाळधरनं बसून ऱ्हायलोय. साहेब आज बी भेटला न्हाई. काहून भेटत न्हाई तो? बोल की, बा. काहून?”