चपटं आणि उभं

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर, ओल्या कातळावर हेरंब गुडघे टेकून बसला. समोर दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीची दोन रोपं होती: एक ताठ, दोऱ्यासारख्या पानांचं, दुसरं नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं. दोन्हींवर चिकट थेंब चमकत होते.

चाळीस वर्षांपूर्वी इथेच, कॉलेजच्या सहलीत, प्रमिला म्हणाली होती, "या दोन वेगळ्या जाती आहेत."

"छे! चपटं ते पिल्लू आहे. वाढलं की उभं होतं," असं तो इतकं ठासून बोलला, की सगळा वर्ग तिला हसला. तिने वहीतली ओळ खोडली. पुढे पुस्तकात त्याला खरं काय ते सापडलं, पण तिला सांगायची हिंमत झाली नाही.

आज त्या चपट्या रोपातून बारीक दांडा वर आला होता, टोकाला पांढरं फूल. पिल्लाला कुठलं फूल!

त्याने कॉलेजच्या ग्रुपवरून नंबर शोधून फोन लावला. "प्रमिला, तेव्हा तुझंच बरोबर होतं. महिन्याभरात मला कळलं होतं."

"मलाही." आवाज अजून तसाच होता. "दुसऱ्या वर्षी एकटी जाऊन फूल बघून आले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते रे."